लिटरचा भाव, किलोमीटरचा खर्च

१९८४ ते १९८६ या दोन-तीन वर्षांत शंभर सीसीच्या चार मोटरसायकली आपल्या रस्त्यावर उतरल्या. इंड-सुझुकी एएक्स १००, यामाहा आरएक्स १००, कावासाकी बजाज केबी १०० आणि हीरो होंडा सीडी १००. चौघींच्या मागे जपानी तंत्रज्ञान होतं, चौघींच्या इंजिनाचा आकार जवळपास सारखा होता. त्यातल्या तिघी टू-स्ट्रोक होत्या. एकटी हीरो होंडा फोर-स्ट्रोक होती.

तोवर आपल्याकडच्या दुचाकी म्हणजे बहुतेक टू-स्ट्रोकच. बजाजच्या स्कूटर, राजदूत, येझदी, पुण्याची लूना, सगळ्या त्याच जातीच्या. मोठा अपवाद बुलेटचा, पण ती फोर-स्ट्रोक असूनही साडेतीनशे सीसीची आणि वजनदार. छोट्या, हलक्या गाडीत फोर-स्ट्रोक इंजिन ही आपल्या गिऱ्हाइकाला नवीच गोष्ट होती. आरएक्स १०० अकरा अश्वशक्तीची, सीडी १०० जेमतेम सात-साडेसातची. पिकअपमध्ये यामाहापुढे हीरो होंडाचा टिकाव लागणं शक्यच नव्हतं. आरएक्सचा चाहता आजही तिचा आवाज दुरून ओळखतो. पण पंपावर चित्र उलटं होतं. आरएक्स लिटरला चाळीसच्या आसपास जायची. सीडी १०० ची जाहिरात ऐंशीची होती, आणि जपून चालवणाऱ्याला साठ-सत्तर सहज मिळायचे.

हा फरक कुठून आला, ते इंजिनाच्या पोटात डोकावल्याशिवाय कळत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनात चार कामं चार वेगवेगळ्या फेऱ्यांत होतात: हवा-पेट्रोल आत घेणं, ते दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं. आत येण्याची वाट वेगळी, बाहेर जाण्याची वेगळी, आणि दोन्हींवर व्हॉल्व्हचा पहारा. टू-स्ट्रोकमध्ये हे सगळं पिस्टनच्या दोनच फेऱ्यांत उरकायचं असतं. व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच वर-खाली होताना उघडतो आणि झाकतो. जळालेला धूर बाहेर ढकलण्याचं काम आत येणारं ताजं मिश्रणच करतं, आणि त्या क्षणी दोन्ही वाटा उघड्या असतात. त्यामुळे आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा वीस ते पस्तीस टक्के भाग न जळताच धुराबरोबर सायलेन्सरवाटे निघून जायचा. गिऱ्हाईक लिटरभराचे पैसे मोजायचं, आणि त्यातला पाव हिस्सा थेट हवेत जायचा.

शिवाय टू-स्ट्रोकचं वंगणही पेट्रोलबरोबरच जळतं. पंपावर पेट्रोल घेताना सोबत टू-टी ऑइल घालून घ्यायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. ते ऑइल पेट्रोलबरोबर क्रँककेसमध्ये शिरून पिस्टन आणि बेअरिंगांना ओलं ठेवायचं. यातून एक अडचण निघायची, जी घाटातल्या मेकॅनिकांना पाठ होती. लांब उतारावर पेट्रोल वाचवायला एक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्येच सोडली, तर इंजिन जोरात फिरत राहतं, पण पेट्रोल जवळपास बंद आणि म्हणून ऑइलही बंद. कोरडा पिस्टन तापून सिलिंडरला धरायचा. ‘गाडी सीझ झाली’ म्हणतात ते हेच. म्हणून जुने मेकॅनिक सांगायचे, उतारावर मधून मधून क्लच दाबा नाहीतर जरा रेस द्या. पेट्रोल वाचवण्याच्या नादात बोअरचा खर्च अंगावर यायचा.

फोर-स्ट्रोकचं ऑइल खाली वेगळ्या साठ्यात असतं, त्यामुळे हा प्रश्नच उरला नाही. तरी ही गाडी लोकांच्या गळी लगेच उतरली नव्हती. इतकी कमी ताकद डबलसीट आणि चढावर पुरेल का, ही शंका रास्त होती. ती मिटवण्यात इंजिनाइतकाच पेट्रोलच्या भावाचा हात आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला, कच्चं तेल भडकलं, आणि त्या ऑक्टोबरात सरकारनं पेट्रोलवर २५ टक्क्यांचा ‘आखाती अधिभार’ लावला. परकीय चलनाची गंगाजळी आटत चालली होती. घराघरांत महिन्याच्या पेट्रोलचा हिशेब नव्यानं मांडला गेला, आणि त्या हिशेबात फोर-स्ट्रोक जिंकली. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तर मोटरसायकलींनी स्कूटरना मागे टाकलं. एक काळ असा होता की बजाजच्या स्कूटरसाठी दहा-दहा वर्षं नंबर लावून थांबावं लागे. त्याच कंपनीला २००९ मध्ये स्कूटर बनवणं थांबवायचा निर्णय घ्यावा लागला.

टू-स्ट्रोकला शेवटचा धक्का धुराच्या नियमांनी दिला. १९९१, १९९६ आणि २००० अशा टप्प्यांनी नियम कडक होत गेले, आणि न जळालेलं पेट्रोल बाहेर सोडणारं इंजिन त्यांत बसणं अवघड झालं. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. टू-स्ट्रोकवरून फोर-स्ट्रोकवर येताना लिटरमागचं अंतर दीडपटीच्या वर गेलं. तशी उडी त्यानंतर पुन्हा आलेली नाही. शंभर सीसीची गाडी १९९० मध्ये साठ-सत्तर द्यायची आणि आजही साठ-सत्तरच देते. मधल्या काळात दोन स्पार्क प्लगची इंजिनं आली, सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाड्या आल्या, २०२० च्या बीएस-६ नियमांबरोबर कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. या सुधारणा खऱ्या आहेत. पण मिळालेला बराचसा फायदा धूर स्वच्छ करण्यात आणि वाढलेलं वजन ओढण्यात खर्च झाला. माझ्या मते तो सौदा योग्य होता, कारण चौकात उभं राहणाऱ्याच्या फुप्फुसालाही किंमत असते. पण गिऱ्हाइकाच्या खिशापुरतं बोलायचं तर इंजिनाकडून मिळण्यासारखं मोठं वाण एकदाच मिळालं.

याचं कारण पेट्रोलमधली ऊर्जा जाते कुठे, यात आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. लिटरला साठ देणारी गाडी ताशी ४५ च्या वेगानं चालली, तर ती साधारण पावणेसात किलोवॅट दरानं पेट्रोल जाळते. त्या वेगाला रस्त्याचं घर्षण आणि समोरची हवा यांच्याशी झुंजायला मागच्या चाकाला लागतो जेमतेम एक किलोवॅट. बाकीचं सगळं सिलिंडरच्या पंखांवाटे आणि सायलेन्सरवाटे उष्णता म्हणून निघून जातं, थोडं साखळी आणि गिअरच्या घर्षणात मुरतं.

मोठं इंजिन शहरात जास्त का पितं, याचंही उत्तर इथंच आहे. साडेतीनशे सीसीच्या इंजिनाला ताशी चाळीसच्या वेगाला त्याच्या ताकदीचा लहानसा भागच लागतो. म्हणून थ्रॉटल जवळजवळ मिटलेला राहतो, आणि नाक दाबून श्वास घ्यावा तसं इंजिन अरुंद फटीतून हवा ओढत राहतं. त्या ओढण्यातच ताकद वाया जाते. शंभर सीसीचं इंजिन त्याच वेगाला मोकळेपणानं श्वास घेतं. उलट हायवेला ताशी ऐंशीवर त्याच छोट्या इंजिनाची दमछाक होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी ताकद आठपट. चाळीस-पन्नासला पासष्ट देणारी गाडी ऐंशीला पन्नासच्या खाली आली, तर दोष गाडीचा नाही.

कंपनीचा आकडा आणि आपला आकडा जुळत नाही, ही सार्वत्रिक तक्रार. कंपनीचा आकडा खोटा नसतो, तो वेगळ्या रस्त्यावरचा असतो. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली वाहनसंशोधन संस्था आहे. तिथे आणि तशा इतर प्रयोगशाळांत गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या आवर्तनानं चालवली जाते. अनेक वर्षं वापरात असलेलं ‘भारतीय चालन-चक्र’ १०८ सेकंदांचं होतं. त्यात सर्वाधिक वेग ताशी ४२ आणि सरासरी ताशी २२ च्या आसपास. पुढे जागतिक पद्धतीचं चक्र आलं. पण कुठल्याही चक्रात मागच्या सीटवर बायको आणि टाकीवर मुलगा नसतो. खड्डा नसतो, पुढे अचानक थांबणारी रिक्षा नसते, टायरमधली हवा कमी नसते. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला तो आकडा उत्तम. आपल्या महिन्याचा खर्च त्यावरून काढला तर फसगत होते.

आपला आकडा काढण्याची पद्धत सोपी आहे, फक्त चिकाटी लागते. टाकी फुल्ल करायची, मीटरवरचे किलोमीटर लिहून ठेवायचे. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करायची. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी मावलेले लिटर. एका टाकीवर निष्कर्ष काढू नये, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यावी. ‘शंभरचं टाक’ म्हणून पेट्रोल घेणाऱ्याला हा हिशेब कधीच लागत नाही. खर्च शंभरच राहतो, फक्त पुढची फेरी एक दिवस आधी येते, आणि भाव वाढला की ॲव्हरेज घसरलं हे सांगता येत नाही.

ॲव्हरेजच्या आकड्यात आणखी एक चकवा आहे आणि तो फार थोड्यांच्या लक्षात येतो. लिटरला पंचवीस देणारी जुनी गाडी काढून चाळीसची घेतली, तर वाढ पंधराची. साठची काढून पंचाहत्तरची घेतली, तरी वाढ पंधराचीच. बचत मात्र सारखी नाही. लिटर शंभर रुपये धरू. शंभर किलोमीटरला पहिल्या बाबतीत चार लिटरऐवजी अडीच लिटर लागतात, वाचतात दीडशे रुपये. दुसऱ्या बाबतीत १.६७ ऐवजी १.३३ लिटर, वाचतात तेहतीस रुपये. जितकं वर जावं तितका पुढचा प्रत्येक किलोमीटर कमी मोलाचा होत जातो. शोरूममध्ये साठऐवजी पासष्ट देणाऱ्या मॉडेलसाठी आठ हजार जास्त मागितले, तर महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ते वसूल व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. घरात दोन गाड्या असतील तर लांबच्या नोकरीला कोणती गाडी न्यायची, याचा विचार नव्या गाडीच्या विचाराइतकाच मोलाचा ठरतो.

म्हणून मला लिटरच्या भावापेक्षा आणि ॲव्हरेजपेक्षाही किलोमीटरमागचे पैसे हा आकडा खरा वाटतो. तो दोन्हींच्या भागाकारातून निघतो. वरचा अंक ठरतो तेलाच्या बाजारात आणि सरकारी दप्तरात, खालचा इंजिनात आणि आपल्या उजव्या मनगटात.

वरच्या अंकाची कहाणी दीर्घ आहे. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्चं तेल पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासून काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं, आणि पेट्रोल स्वस्त असण्याचे दिवस जगभर संपले. आपल्याकडे दर सरकार ठरवायचं. बाजारातला चढ-उतार एका सामाईक खात्यात जिरवला जायचा, आणि अर्थसंकल्पाच्या आदल्या संध्याकाळी पंपांवर रांगा लागायच्या. ही सरकारी दरपद्धत १ एप्रिल २००२ ला कागदोपत्री संपली, जून २०१० मध्ये पेट्रोल खऱ्या अर्थानं नियंत्रणमुक्त झालं, आणि १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला नवा दर लागू लागला.

२००२ च्या एप्रिलमध्ये दिल्लीत लिटर साडेसव्वीस रुपयांच्या आसपास होतं. साठ देणाऱ्या गाडीला किलोमीटर पडायचा ४४ पैशांना. जुलै २०२१ मध्ये दिल्लीनं शंभरी ओलांडली, मुंबईनं ती मे महिन्याच्या अखेरीसच पार केली होती. तीच गाडी तेव्हा किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या घरात गेली. ऐकायला चौपट वाटतं, पण याच काळात बाकीची महागाईही तिपटीहून जास्त वाढली होती. २०२४ च्या दिल्लीतल्या सुमारे ९५ रुपयांच्या दराची तुलना केली, तर पेट्रोल बाकीच्या महागाईच्या साधारण बरोबरीनंच चाललेलं दिसतं. ज्याचा पगार महागाईबरोबर वाढला, त्याला पेट्रोल तितकं जड गेलेलं नाही. ज्याची मजुरी मागे राहिली, त्याच्यासाठी मात्र हा सगळा हिशेब कोरडा आहे.

मला खटकतं ते वेगळंच. २०१४ च्या जूनमध्ये भारताला कच्चं तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर पडत होतं, जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली आलं. त्या काळात केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं, एकूण पावणेबारा रुपयांनी. २०२० च्या वसंतात टाळेबंदीनं जगभर मागणी कोसळली, अमेरिकेतल्या तेलाच्या वायद्याचा दर तर २० एप्रिलला शून्याच्या खाली गेला. आपल्याकडे मे महिन्यात शुल्क आणखी दहा रुपयांनी चढलं. १६ फेब्रुवारी २०२१ ची दिल्लीतली फोड पाहावी. ८९ रुपये २९ पैशांच्या लिटरमध्ये मूळ पेट्रोल ३१.८२ रुपयांचं, वाहतूक २८ पैसे, डीलरचं कमिशन ३.६८. केंद्राचं शुल्क ३२.९० आणि राज्याचा व्हॅट २०.६१. त्या ३२.९० पैकी राज्यांबरोबर वाटून घ्यायचा मूळ भाग फक्त १ रुपया ४० पैसे होता, बाकीचा उपकर आणि विशेष शुल्क म्हणून केंद्राकडेच राहणारा.

सरकारला पैसा लागतो, रस्ते त्यातूनच होतात, हे मान्य. पण हा कर कोण भरतं? पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन कक्षानं करवून घेतलेल्या आणि २०१४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के दुचाकींच्या टाकीत जातं. मोठ्या गाडीतून फिरणाऱ्यावरचा कर म्हणून पेट्रोलकडे पाहिलं जातं, प्रत्यक्षात त्याचा मोठा वाटा शाळामास्तर, दूधवाला, कुरिअरवाला आणि कंपनीत पाळीला जाणारा कामगार भरतो. आयकराला उत्पन्नाची पायरी असते, पेट्रोलच्या कराला नाही.

राज्याराज्यांतला फरकही असाच कराच्या दप्तरातून येतो. एप्रिल २०१२ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर सरकारनं व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला आणि लिटर एकदम सुमारे अकरा रुपयांनी उतरलं. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला पत्रादेवी ओलांडून टाकी भरणं परवडू लागलं. पुढे गोव्याचा कर टप्प्याटप्प्यानं पुन्हा वाढला. महाराष्ट्रात उलट ऑक्टोबर २०१५ मध्ये दुष्काळासाठी लिटरमागे दोन रुपये अधिभार आला, आणि मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा व्हॅट बाकी राज्याहून एक टक्का जास्त, ही तफावत २०२४ पर्यंत राहिली. आणि तरी राज्यातलं महाग पेट्रोल म्हणून बातमीत नाव यायचं ते परभणीचं. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोपासून टँकर सुमारे तीनशे किलोमीटर चालून परभणीला पोचतो, आणि ते भाडं गिऱ्हाइकाच्या लिटरवर चढतं. ज्या जिल्ह्यात मजुरी कमी, तिथेच लिटर महाग.

भागाकाराचा वरचा अंक असा आपल्या हाताबाहेरचा. खालच्या अंकाला मात्र अजून थोडी जागा आहे. टायरची हवा आठवड्याला बघणं, साखळीला ऑइल आणि योग्य ताण, एअर फिल्टर साफ, अर्धा क्लच दाबून गाडी न रेटणं, या चार गोष्टींनी पाच-दहा टक्के सहज हाती लागतात. कार्बोरेटरच्या काळात ‘पेट्रोल कमी करून द्या’ म्हणून मेकॅनिकला गळ घालायची पद्धत होती. मिश्रण फार पातळ झालं की इंजिन तापायचं, मिसफायर व्हायचं आणि व्हॉल्व्हची वाट लागायची. इंजेक्शनच्या गाडीत तो स्क्रूच उरला नाही. घाटात गाडी बंद करून उतरायची जुनी सवय तर आता सोडलेलीच बरी. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सिलरेटर पूर्ण सोडला की संगणक पेट्रोलचा फवारा आपणहून थांबवतो, इंजिन चाकाच्या जोरावर फिरतं. पेट्रोल शून्य, आणि वर इंजिन ब्रेकिंग फुकट. किल्ली फिरवून उतरणाऱ्याला हँडल लॉक होण्याचा धोका तेवढा पदरी पडतो.

इंजिनात पेट्रोलच जाळायचं, हे गृहीतही आता सैल होतंय. जुलै २०२४ मध्ये बजाजनं पुण्यात सीएनजीवर चालणारी १२५ सीसीची ‘फ्रीडम’ बाजारात आणली: सीटखाली दोन किलो गॅसची टाकी आणि जोडीला दोन लिटर पेट्रोल. तिचा हिशेब पुन्हा किलोमीटरमागच्या पैशांतच मांडावा लागतो, कारण किलो आणि लिटर यांची थेट तुलना होत नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. जून २०२२ पर्यंत देशात दहा टक्के इथेनॉल मिसळलं जाऊ लागलं, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं ई-२० येऊ लागलं, आणि २०२५ मध्ये ते सर्वत्र झालं. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांना यातून हक्काचं गिऱ्हाईक मिळालं, उसाची बिलं वेळेवर निघायला मदत झाली, तेलाची आयात थोडी घटली. हे सगळं चांगलंच आहे. पण लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे ई-२० च्या लिटरमध्ये ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धर्तीच्या दुचाकींचं ॲव्हरेज यामुळे तीन ते चार टक्के घटेल असा अंदाज होता, आणि ग्राहकाला त्याची भरपाई म्हणून करात सवलत देण्याचा विचार व्हावा, अशी सूचनाही होती. साठ देणारी गाडी अठ्ठावन्नवर आली, तर १०३ रुपयांच्या दरानं ते लिटरमागे साडेतीन रुपयांच्या वाढीइतकं होतं. ही वाढ पंपावरच्या दराच्या फलकावर लिहिलेली नसते. ती कळायला टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहून ठेवावे लागतात.